खोगीर कोणी शिवलं

तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही आणि मी तुमच्यावर रागावून बसले आहे. लोकांसमोर ते दाखवता येत नाही. भेटायला येणाऱ्या बायका माझा हात हातात घेतात, डोळे पुसतात. मीही पुसते. ते रडणं खोटं नसतं. पण रडू आणि राग एकदमच येतात आणि धड काहीच बाहेर पडत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. तुम्ही समोर असता तर मी "आवं, ऐकता का" म्हणून सुरुवात केली असती आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला असता. ती सोय आता तुम्हाला नाही.

परवा बापू आले होते. कवठे महांकाळचे, शर्यतीच्या घोडागाड्या ठेवतात ते. मी चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा ते ओट्यावर बसलेल्या माणसांना सांगत होते, "तात्यांच्या हातातली कला तात्यांबरोबर गेली बघा. आता असा साज शिवणारा या भागात कोण उरला न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. मी कप पुढे केला. बापूंनी माझ्याकडे न बघता तो घेतला आणि त्यांच्या घोड्याच्या गळपट्ट्याचं कौतुक पुढे चालू ठेवलं. एवढ्या शर्यती झाल्या, पण घोड्याच्या मानेवरचा एक केस गेला नाही म्हणाले.

तो गळपट्टा मी शिवला होता. पहिल्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत मी. तिथे बसलेल्यांपैकी हे फक्त आपल्या प्रकाशला माहीत होतं. फौजेतून रजा काढून आलेला आपला मुलगा माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने मान खाली घातली. मी रिकामा ट्रे घेऊन आत आले.

तुम्ही असता तर तुम्हीही मान खालीच घातली असती. मला राग त्याचा आहे.

लोणंदहून लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मला घोड्याचं काहीही कळत नव्हतं. आमच्या घरी कांद्याची वखार. घोडा बघितला तो वरातीतला, तोही लांबून. तुमच्या घरात आले आणि पुढच्या खोलीत छताला टांगलेल्या लगामी, तंग, दुमच्या बघून मला वाटलं, ही माणसं एवढे पट्टे करतात तरी कशाला. तुम्ही हसला होता. एकेक पट्टा खाली काढून सांगितलंत, हा पोटाखालून जातो, हा शेपटीखालून, हा नसला तर चढावर खोगीर मागं सरतं, हा नसला तर उतारावर पुढं येतं. त्या दिवशी तुम्ही किती बोललात. पुढे तेवढं बोललेले तुम्ही मला फारसे आठवत नाही.

सुरुवातीला मी फक्त गाद्या भरायची. मेंढक्यांकडून आलेली लोकर पिंजायची, खोगिराच्या दोन्ही बाजू सारख्या भरायच्या, मधली पन्हळ मोकळी ठेवायची, म्हणजे घोड्याच्या कण्यावर भार येत नाही. मग एकदा तुम्ही बाहेर गेला असताना मी एका पट्ट्यावर टाके घालून बघितले. तुम्ही परत आल्यावर तो पट्टा हातात घेऊन खिडकीपाशी गेलात. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही म्हणालात, "डाव्या हातानं शिवलंस व्हय? टाका उलटा पडतोय. पण आवळ चांगला हाय."

मग तुम्ही जे केलंत ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि राग कितीही आला तरी ते माझ्या मनातून जात नाही. मी डावखुरी, तुम्ही उजवे. शेजारी बसून मला काही उमजेना. तेव्हा तुम्ही माझ्यासमोर बसलात, गुडघ्याला गुडघा लावून, आरशात दिसावं तसं. तुमची चामड्याला भोक पाडायची आरी उजवीकडून आत गेली की माझी डावीकडून. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, एक इकडून, एक तिकडून, मध्ये गाठ नाही. दुपारच्या दुपारी तुम्ही तसे बसलात. तुमच्या आई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, काय चाललंय हे. तुम्ही म्हणायचा, काम चाललंय.

एवढं ज्याने शिकवलं, त्याला पुढे एक वाक्य बोलता येऊ नये?

तुमचा हात पहिल्यांदा थरथरला तेव्हा आपण दोघांनीही ते न बघितल्यासारखं केलं. मग आरी घसरायला लागली. चामडं वाकडं कापलं जायला लागलं. एकदा अंगठ्यातच आरी गेली आणि तुम्ही जखमेकडे न बघता हाताकडे बघत बसलात, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. मी तुम्हाला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी चालून दाखवायला सांगितलं, कागदावर गोल काढायला सांगितलं, आणि कंपवात म्हणाले. गोळ्यांनी आवरेल, जाणार नाही. एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. तासगाव मागे गेल्यावर म्हणालात, "कुणाला बोलायचं न्हाई. लोकांना कळलं तर कोण काम देईल?"

मी हो म्हणाले. त्या वेळी ते बरोबरच होतं. प्रकाश शिकत होता, घर त्या कामावर चाललं होतं. मग आपली ती रीत बसली. पुढच्या खोलीत तुम्ही, मधल्या दारावर पडदा, पडद्यामागे मी. गिऱ्हाईक यायचं, तुम्ही घोड्याला दोरीने माप घ्यायचा, बोलणं करायचा. गिऱ्हाईक गेलं की दोरी आत यायची. कापणं मी, शिवणं मी, गादी भरणं मी. पट्टा तयार झाला की तुम्ही तो पुढे घेऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, तात्यांचा हात अजून चालतो.

थोडे दिवस म्हणून सुरू झालेलं तसंच वर्षानुवर्षं चाललं. प्रकाश फौजेत लागला, घराची ओढाताण संपली, तरी पडदा तसाच राहिला. मी ज्या घोड्यांसाठी शिवत होते त्यांना मी कधी हात लावला नव्हता. मला फक्त दोरीवरच्या गाठी माहीत. मी कितीदा म्हटलं, मला एकदा घोड्याजवळ जाऊ द्या, माप मी घेते. तुम्ही म्हणायचा, बाईमाणसानं घोड्याला हात लावलेला गिऱ्हाइकाला आवडत न्हाई. मी म्हणायची, आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या मेंढपाळ बायका आहेत, घोडी त्याच लादतात, त्याच सोडतात. तुम्ही म्हणायचा, "त्यांचं येगळं."

काय वेगळं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

आणि मग ताराबाई आली. तुम्हाला आठवत असणारच, कारण त्यानंतर तुम्ही माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नव्हता. ताराबाई दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायची. सगळा संसार एका घोडीवर. भांडी, मेंढरं कोंडायची वाघरीची जाळी, वर कोकरं बांधलेली. त्या वर्षी तिने नवं खोगीर सांगितलं होतं. तुमची दोरी आत आली तेव्हा गाठी सैल होत्या, आणि एक गाठ दोनदा मारलेली दिसत होती. मी म्हटलं, पुन्हा माप घ्या, ही पन्हळ अरुंद होईल. तुम्ही म्हणालात, माप बरोबर हाय. मी त्या मापाने शिवलं.

ती मधूनच परत आली. तळ गावाबाहेरच्या पडीक रानात ठेवून, खोगीर डोक्यावर घेऊन चालत. घोडीच्या पाठीला जखम झाली होती. तिने खोगीर ओट्यावर आपटलं नाही, सावकाश ठेवलं, आणि म्हणाली, हे बघा तात्या. तुम्ही ते बघितलंतही नाही. म्हणालात, ओझं एकीकडं लादलं असशील.

ती म्हणाली, "तात्या, पाठीला लेकरू बांधून घोडी लादत आले मी जन्मभर. मला लादायला शिकवू नगासा."

मी पडद्यामागे सुई हातात धरून उभी होते. चूक कुठे आहे ते मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं. तुमचा आवाज चढत गेला आणि तिचा उतरत गेला. शेवटी ती म्हणाली, बरं तर, आणि खोगीर उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाजाराला जाते म्हणून मी पिशवीत आरी, दोरा, सुया घातल्या आणि तळावर गेले. ताराबाईने मला ओळखलं, पण काही विचारलं नाही. मी घोडीजवळ गेले. आयुष्यात पहिल्यांदा घोड्याच्या पाठीवर हात ठेवला. किती गरम असते हो ती पाठ. तिच्या कातडीला शहारा आला आणि माझ्याही. जखम कण्याच्या अगदी वर होती, पन्हळ जिथे टेकत होती तिथेच. मी तिथेच बसून गादी उसवली, लोकर दोन्हीकडे सारली, पन्हळ रुंद केली आणि परत शिवायला घेतली. ताराबाई शेजारी बसून माझ्या हाताकडे बघत होती.

"डावरी हायस व्हय?" ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"माझ्या खोगिराचा टाकाबी डावा हाय. जुन्या खोगिराचा उजवा हुता. म्या तवाच म्हनलं, हात बदललाय."

माझी सुई थांबली. इतक्या वर्षांत बापूंना दिसलं नाही, घोड्याच्या अंगावरचा केस न् केस मोजणाऱ्या त्या शर्यतवाल्यांपैकी कुणालाच दिसलं नाही, आणि हिने पहिल्याच खोगिरात ओळखलं होतं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तुम्हाला दिलेला शब्द आडवा आला. मी शिवत राहिले. जखम भरेपर्यंत लादू नकोस एवढंच सांगितलं आणि उठले.

जाताना ती आपल्या दारावरून गेली आणि तुम्हाला सांगून गेली की तुमची मंडळी आली म्हणून घोडी वाचली. तिने ते चांगल्या मनानेच सांगितलं. तुम्ही आत आलात आणि जेवला नाहीत. संध्याकाळी मीच विषय काढला. म्हटलं, आता पुरे झालं, मी शिवते एवढं लोकांना सांगा. दुकान तुमच्याच नावाचं राहू द्या.

तुमचा हात मांडीवर हलत होता आणि दुसऱ्या हाताने तुम्ही तो दाबून धरला होता. मग म्हणालात, "आन लोकांनी इचारलं, मग तात्या काय करतो, तर काय सांगू?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तुमचा चेहरा बघून राग गिळला आणि ताट वाढून आणलं. आपलं भांडण तिथेच राहिलं. उत्तर मला आता सुचतं, भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना. तात्यांनी शिकवलं, असं सांगायचं होतंत. एवढंच. त्यात तुमचं काय कमी झालं असतं? उजव्या हाताच्या माणसाने डावखुऱ्या बायकोला समोर बसवून शिकवलं, हे त्या सगळ्या साजांपेक्षा मोठं काम होतं. पण ते तुम्हाला काम वाटलंच नाही. तुम्हाला फक्त चामड्यावर दिसतं ते काम वाटायचं, आणि तेच तुमच्या हातातून गेलं होतं.

त्यानंतर तुमचा आवाजही गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की या आजारात आवाज बारीक होत जातो. आधी फोनवर ऐकू येईना, मग खोलीतून स्वयंपाकघरात येईना, मग उशीशी कान न्यावा लागायला लागला. तुम्हाला वाटायचं तुम्ही नेहमीसारखंच बोलताय आणि मीच बहिरी झालेय. त्यावरूनही आपली भांडणं झाली.

आणि तशातच जत्रेत तुमचा सत्कार ठरला. गावातल्या पोरांनी ठरवला, घोडागाड्यांच्या शर्यतीनंतर. मी तुम्हाला पांढरा सदरा घातला, बटणं लावली, फेट्याचा शेमला नीट केला. मी बायकांच्या बाजूला बसले. शाल पांघरली, नारळ दिला, आणि कुणीतरी तुमच्या तोंडासमोर माईक धरला. मला वाटलं, तुम्ही हात जोडाल आणि बसाल. पण तुम्ही बोलायला लागलात. आणि बोलतच राहिलात. ओठ हलत होते आणि माईकमधून नुसता श्वास येत होता. मागे जनरेटर, पलीकडे हलगी, कुणी गाडी मागे घेत होतं. मध्येच तुमचा हात वर आला. बायकांच्या बाजूला आला असं मला वाटलं. पण तुमचा हात असाही वर यायचा. मग तुम्ही थांबलात आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी आल्यावर मी विचारलं, काय बोललात. तुमच्या ओठांशी कान नेला.

"जे बोलायचं ते बोललो."

मी विचारलं, माझं नाव घेतलं का. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी मुद्दाम त्रास देतेय. म्हणालात, "ऐकलं न्हाईस व्हय?" आणि डोळे मिटलेत. मी पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, उद्या विचारीन, परवा विचारीन, जरा बरं वाटू द्या. मग गिळायचं अवघड झालं, मग न्यूमोनिया, मग मिरजेचा तो दवाखाना, नाकात नळी. तिथे तुम्ही माझा डावा हात धरून पडून असायचा. अंगठ्यावरच्या घट्ट्यावरून बोट फिरवायचा. ते थरथरणं होतं की तुम्ही खरंच काही म्हणत होता, ते मला कळलं नाही. मला सगळं अर्धवट ठेवून गेलात तुम्ही.

तुम्ही गेल्यावर मी प्रकाशला सत्काराचा व्हिडिओ शोधायला लावला. त्याने पोरांना फोन केले, एकाकडे निघाला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून तो बघितला. तुम्ही दिसता. शाल खांद्यावरून घसरते, कुणीतरी ती सारखी करतं. ओठ हलतात. आवाज जनरेटरचा. मी मोबाइल कानाला लावून ऐकला, प्रकाशचे कानात घालायचे ते लावून ऐकला. एके ठिकाणी तुमचे ओठ मिटून उघडतात, माझ्या नावात मिटतात तसे. पण "मंडळी" म्हणतानाही ते तसेच मिटतात. मी ते पुन्हा पुन्हा लावायला लागले तेव्हा प्रकाशने मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला.

तो म्हणाला, "आई, आता कशाला उकरून काढतीस? आम्हाला माहीत हाय की."

आम्हाला म्हणजे त्याला. एकट्याला. त्याचं म्हणणं आहे की दुकान बंद करावं आणि खोली मोबाइलवाल्याला भाड्याने द्यावी. हल्ली सगळे बाजारातले नायलॉनचे पट्टे घेतात. स्वस्त पडतात, घामाने घोड्याची कातडी कापतात, पण घेतात. तो माझ्या काळजीनेच बोलतो. म्हणतो, आता तू आराम कर. मी त्याला म्हटलं, लोकांच्या लेखी मी आयुष्यभर आरामच केलाय.

काल सकाळी दारात टेम्पो थांबला. मिरजेकडचा माणूस होता, तिशी-पस्तिशीचा, वरातीची घोडी ठेवणारा. मागे पांढरी घोडी. उतरला आणि तात्या हायत का म्हणून विचारलं. मी सांगितलं, गेले. तो हळहळला, डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, लग्नसराई तोंडावर आली, घोडीच्या पाठीवरची जीन फाटलीय, वडील म्हणाले तात्यांकडंच जा. मग टेम्पोकडे वळला.

मी म्हटलं, "घोडी खाली घ्या. मी शिवते."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग दारात येऊन उभ्या राहिलेल्या प्रकाशकडे. त्या माणसाने खिशातून फोन काढला, चार पावलं बाजूला गेला. मला सगळं ऐकू येत होतं. तात्या गेल्यात, म्हणत होता. घरची बाई म्हणती मी शिवते. व्हय, बाई. काय करू? मी ओट्यावर उभी होते आणि तुमच्यावर इतकी चिडले होते की माझे कान तापले. तुम्ही एकदा, नुसतं एकदा, ऐकू येईल असं बोलला असता तर मला माझ्याच ओट्यावर असं कुणाच्या होकाराची वाट बघत उभं राहावं लागलं नसतं.

तो परत आला. म्हणाला, वडील म्हणत्यात, आधी माप घेऊ द्या, मग बघू.

फळी लावून घोडी उतरवली. समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या. बापूंचा एक माणूस रस्त्याने चालला होता, तोही थांबला. मी पदर खोचला आणि घोडीच्या पाठीवर हात ठेवला. खांद्यावरच्या उंचवट्यापासून मागपर्यंत हात फिरवला. एका जागी ती अंग चोरत होती. जुनी जीन तिथे दाबत होती, त्या माणसाला माहीत नव्हतं. मी दाखवलं. मग दोरी घेऊन माप घेतलं, गाठी मारल्या, पोटाखालून तंगाचं माप घेतलं. फाटकी जीन त्याने काढून ओट्यावर ठेवली. कधी येऊ म्हणाला. मी सांगितलं.

टेम्पोत बसताना तो थांबला. म्हणाला, "घरी इचारतील कुणाकडं दिलं म्हणून. काय सांगू? तात्यांचं दुकान सांगू का?"

प्रकाश हो म्हणायला पुढे झाला. मी त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवलं.

"सुमन," मी म्हणाले. "सुमन शिवते म्हणून सांगा."